डॅमरेज कोण भरणार?

मालधक्क्यावर एक नियम आहे. रेक लागला की घड्याळ सुरू होतं. ठरलेल्या तासांत वॅगनी खाली झाल्या नाहीत तर रेल्वे पार्टीला दंड लावते. वॅगनीला इतका, तासाला इतका. याला म्हणतात डॅमरेज. उतरवलेला माल वेळेत धक्क्यावरून उचलला नाही तर दंड वेगळा, त्याचं नाव वारफेज. म्हणून पार्टी मुकादमावर ओरडते, मुकादम टोळीवर ओरडतो आणि टोळी पाठीवर गोणी घेऊन पळते. रात्र असो, पाऊस असो, सिमेंट असो, युरिया असो. लोखंडाचा डबा उगाच उभा राहिला तर कुणाला तरी पैसे मोजावे लागतात.

आता माणसाचं बघा. एखाद्या वस्तीतली ड्रेनेजची लाइन बजेटात येते. टाळ्या होतात. वर्ष जातं. मग तीच लाइन पुढच्या बजेटात येते. परत टाळ्या, परत वर्ष. पोरं जन्मतात, गटारावर खेळतात, शाळेत जातात, शाळा सोडतात, आमच्यासारखी धक्क्यावर येतात. लाइन अजून बजेटातच. इथं कुणाला तासाचा दंड नाही, वर्षाचा नाही, पिढीचा नाही. वॅगनीच्या वेळेला या देशात दर ठरलाय. पहाटे चारला हंडा घेऊन उभ्या राहणाऱ्या आयाबायांच्या वेळेला दर ठरवायचं कुणाच्या डोक्यातच आलेलं नाही.

दोस्तहो, लेख महापालिकेच्या बजेटवर आहे. पान उलटू नका. क्रांतीच्या कविता पुढच्या पानांवर आहेत, त्या कुठं पळून जात नाहीत.

मी नाशिकरोडच्या धक्क्यावरचा हमाल. शिक्षण मॅट्रिक. कविता लिहितो. आजा १९७२ च्या दुष्काळात बायकापोरं घेऊन इथं आला, रुळाच्या कडेला पाल ठोकलं, आणि पालाची वस्ती झाली. वस्तीचं नाव सांगत नाही. सांगितलं की तुम्ही म्हणाल, हां, तिथलं असंच आहे. म्हंजे आपल्याकडचं बरं आहे असं वाटून मोकळे व्हाल. बजेटवर बोलायला मला कुण्या विद्यापीठानं चिठ्ठी दिलेली नाही. पण मोजणं हा माझा धंदा आहे. एका वॅगनीत पन्नास किलोच्या बाराशेच्या आसपास गोण्या. मोजणीत घोळ झाला तर हमाली कुणाची बुडते? आमची. म्हणून आमच्यातला अंगठाबहाद्दरसुद्धा मनातल्या मनात टॅली धरतो. ज्याच्या पाठीवर ओझं त्याला मोजता येतं. तेव्हा बजेट आपल्याला कळत नाही ही थाप ज्यानं पसरवली त्याला त्यातनं काहीतरी मिळत असणार.

नगरसेवक आता परत आलेत. ही 'परत'ची भानगड आधी समजून घ्या. नाशिकरोड-देवळाली ही आपली वेगळी नगरपालिका होती. ७ नोव्हेंबर १९८२ ला नाशिक, सातपूर आणि आपली नगरपालिका एकत्र करून नाशिक महानगरपालिका केली. शहर मोठं झालं, पण पहिली निवडणूक व्हायला १९९२ साल उजाडलं. दहा वर्षं साहेबलोकांचं राज्य. मग २०२२ च्या मार्चमध्ये निवडून आलेल्यांची मुदत संपली आणि आरक्षण, प्रभागरचना, कोर्टकचेऱ्या यांत पुन्हा जवळजवळ चार वर्षं गेली. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, बाबांनो निवडणुका घ्या. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात आयुक्तच प्रशासक. बजेट मांडणार तेच, मंजूर करणार तेच. स्थायी समिती तेच, महासभा तेच. एका माणसानं आरशासमोर उभं राहून ठराव मांडायचा आणि आरशानं अनुमोदन द्यायचं. त्या चार वर्षांत आपल्यातल्या कितीजणांना कळलं की आपल्याला कुणी प्रतिनिधीच नाही? नळाला पाणी होतं तसंच येत होतं, म्हंजे येत नव्हतं. फरक पडला नाही. यातच सगळं आलं.

आणि आता १२२ नगरसेवक आहेत. बहुतेक प्रभाग चार-चार जणांचे. कागदावर हे झकास दिसतं, एका घराला चार-चार नगरसेवक. पण आपल्यात म्हण आहे, दोन घरचा पाहुणा उपाशी. मग चार घरच्याचं काय होत असेल? गटाराचं विचारलं की पहिला दुसऱ्याकडं बोट दाखवतो, दुसरा तिसऱ्याकडं, आणि चौथा लग्नाला गेलेला असतो.

तर असाच एक नगरसेवक निवडून आल्यावर आमच्या वस्तीत आला. समाजमंदिरात खुर्च्या, माइक, शाल, नारळ. बोर्डावर विषय लिहिलेला, 'प्रभागाच्या विकासाचा लेखाजोखा'. त्याचं नाव सांगत नाही, पक्षही सांगत नाही. तुमच्या वार्डातला डोळ्यापुढं आणा, चालेल. तासभर बोलला. पेव्हर ब्लॉक, हायमास्ट, ओपन जिम, स्वागत कमान. "या प्रभागासाठी मी निधी खेचून आणणार." "वस्तीचा चेहरामोहरा बदलून टाकणार." दर वाक्यामागं टाळीसाठी जागा सोडलेली. मग मागच्या सतरंजीवरून एक म्हातारी उठली. म्हणाली, "आरं बाबा, कमान करतो ते बरं हाय. पर त्या कमानीखालून पानी कव्हा यायचं?" हशा झाला. तोही हसला. म्हणाला, "आजी, त्याची फाइल फिरतीय." म्हातारी म्हणाली, "फाइलीला पाय हायेत, मंग पान्यालाच कसे न्हाईत?" यावर मात्र कुणी हसलं नाही. आभारप्रदर्शन झालं, वडापाव वाटले, लोक घरी गेले.

त्या माणसाला शिव्या घालायला मी हा लेख लिहीत नाही. तो आला तरी. कितीजण पाच वर्षं येतच नाहीत. माझं भांडण त्याच्या एका क्रियापदाशी आहे. 'आणणार'. निधी 'आणणार'. कुठून आणणार? सासरवाडीहून?

महापालिकेचा पैसा येतो कुठून हे एकदा नीट बघू. कारण वस्तीवाल्यांच्या तोंडावर मारायला पांढरपेशांनी एक वाक्य पाळून ठेवलंय, झोपडपट्टीवाले कर भरत नाहीत. पूर्वी जकात होती. शहरात माल शिरला की नाक्यावर जकात, आणि महापालिकेची तिजोरी मुख्यतः त्यावर चालायची. तो माल कुणाच्या पाठीवरून उतरायचा? २०१३ साली नाशकात जकात गेली, एलबीटी आला. २०१५ साली बहुतेक व्यापाऱ्यांना एलबीटीतनं सोडलं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. आणि बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई म्हणून राज्य सरकार दर महिन्याला महापालिकांना जीएसटीचं अनुदान देऊ लागलं, त्यासाठी वेगळा कायदा केला. नाशिक महापालिकेच्या उत्पन्नात हे अनुदान मोठा वाटा उचलतं. आता मला सांगा, जीएसटी कोण भरतं? साबणाची वडी घेतली, भरला. बिस्किटचा पुडा घेतला, भरला. चपलेला अंगठा बसवायचं सोडून नवी चप्पल घेतली, भरला. मोबाइलचा रिचार्ज मारला, भरला. बंगलेवाला त्या साबणाला जेवढा कर देतो तेवढाच आमची म्हातारी देते. टक्का सारखा, कमाई सारखी नाही. मग ज्याच्या खिशातनं पैसा गेला त्यालाच 'निधी आणला' म्हणून शाल पांघरायला लावायची? माझ्याच ताटातला घास माझ्या तोंडात घालून वर उपकार?

नगरसेवकानं आपल्याला निधी द्यायचा नसतो, हिशोब द्यायचा असतो. या दोन शब्दांत मालक आणि भिकारी यांच्याएवढं अंतर आहे.

हिशोब कसा मागायचा तर आधी बजेटची भाषा ओळखली पाहिजे. ती बामणी मंत्रासारखी मुद्दाम अवघड केलेली आहे, पण आत काही नाही. 'तरतूद' म्हंजे यंदा या कामाला एवढे पैसे घालू अशी इच्छा. इच्छेनं पोट भरत नाही. तरतुदीनंतर प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यादेश, मग काम, मग ठेकेदाराचं बिल. या प्रत्येक पायरीवर फाइल बसू शकते, आडवी होऊ शकते, मरू शकते. नगरसेवक सभेत पहिल्या पायरीची टाळी घेतो आणि पुढच्या पायऱ्यांवर तुम्हाला सोडून जातो. अजून एक शब्द लक्षात ठेवा, 'दायित्व'. मागच्या वर्षांत मंजूर केलेल्या कामांची देणी. नवीन वर्षाचा पैसा आधी तिकडं जातो. मग नव्या कामांची यादी कितीही लांब असू दे, तिच्यासाठी उरतं ते उष्टं. तिसरा शब्द 'पुनर्विनियोजन'. म्हंजे एका कामाचे पैसे उचलून दुसऱ्यावर टाकणं. आपल्या वस्तीच्या नावानं आलेली तरतूद मार्च महिन्यात कुणाच्या गल्लीत जाऊन झोपते ते या शब्दाखाली सापडतं.

बजेटच्या पुस्तकात आकड्यांचे रकाने असतात. पुढच्या वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, आणि मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष जमाखर्च. सभेत वाचून दाखवतात तो अंदाजाचा रकाना. तुम्ही बोट ठेवायचं ते प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यावर. धक्क्यावर पार्टी म्हणते शंभर गोण्या पाठवल्या. हमाल म्हणतो, पाठवल्या असतील, उतरल्या किती ते सांग.

मागासवर्गीयांसाठी, दुर्बल घटकांसाठी, महिला-बालकांसाठी, दिव्यांगांसाठी महापालिकांनी उत्पन्नातला ठरलेला हिस्सा राखून ठेवायचा असतो. नागरी दलित वस्त्यांच्या सुधारणेची राज्याची वेगळी योजना आहे. म्हंजे नाव आपलं लागतं. नाव लागलं की आकडा तुमच्या खात्यावर पडला. पण काम काय झालं? बऱ्याचदा रस्त्यावर फरशा. फरशी ही ठेकेदाराची लाडकी. लवकर बसते, लवकर निघते, परत बसवता येते. ड्रेनेज जमिनीखाली जातं, त्याच्यावर कोनशिला लावता येत नाही. म्हणून आमच्या वस्त्यांत वर फरशी आणि खाली मैला. पावसाळ्यात खालचं वर येतं.

आणि मग सगळ्या प्रश्नांवर एकच उत्तर, 'निधी नाही'. कुठं म्हणतात हे? नाशिकरोडला! १९२५ साली इथं सिक्युरिटी प्रेस सुरू झाला, १९२८ साली नोटांचा प्रेस. देशाच्या खिशातल्या नोटा या गावात छापल्या जातात. शंभर वर्षं झाली. प्रेसच्या भिंतीच्या आतला पैसा आपला नव्हे, एवढं आम्हाला कळतं, आम्ही हमाल आहोत, खुळे नाही. पण ज्या गावाच्या हातांना नोटेच्या शाईचा वास आहे त्या गावाच्या नळाला कुजका वास यावा याला काय म्हणायचं? नाशिकरोडसाठी चेहेडीहून दारणेचं पाणी उचलायची सोय केली. वर वालदेवी शहराचं सांडपाणी पोटात घेऊन येते आणि दारणेला मिळते. वर्षानुवर्षं लोक बाटल्यांत गढूळ पाणी भरून टेबलावर आपटत आलेत. नदीत घाण कुणी सोडली? शहरानं. पिणार कोण? शहराचा हा कोपरा. आणि टँकर आला तरी तो आधी कुठल्या गल्लीत वळतो ते सांगायची गरज आहे काय?

उशिराचं तर विचारूच नका. घरपट्टी वेळेत भरली नाही तर महिन्याला दोन टक्के शास्ती लागते. वर जप्तीची नोटीस, दारात ढोल. ठेकेदाराचं बिल थकलं तर तो कोर्टात जाऊन व्याज मागतो. म्हंजे महापालिकेलाही डॅमरेज ठाऊक आहे. घ्यायचं ठाऊक आहे, ठेकेदाराला द्यायचंही ठाऊक आहे. मग मंजूर झालेलं वस्तीचं पाणी चार वर्षं लटकलं तर त्या चार वर्षांचं डॅमरेज कोण भरणार? निदान किती झालं ते तरी सांगा. ते सांगायलाही कुणी तयार नाही.

एक काम मात्र वेळेत होणार. २०२७ चा सिंहस्थ. हजारो कोटींचे आराखडे आहेत, रस्ते आहेत, पूल आहेत, घाट आहेत. २०२५ साली खास कायदा करून कुंभमेळ्याचं वेगळं प्राधिकरण उभं केलं. येणारे लाखो लोक आपल्याच स्टेशनावर उतरणार. येऊ द्या, पाहुण्याला पाणी पाजायला आपली ना नाही. पण ही तातडी कुठून आली ते बघा. गुरू सिंह राशीत शिरायची तारीख ठरलेली आहे, तिला मुदतवाढ मागता येत नाही. ग्रहाची तारीख पाळायला प्रशासन रात्रीचं दिवस करतं. आमच्या नळाची रास कुठली ते एखाद्या पंचांगवाल्याला विचारायला हवं.

आणि मेळा संपल्यावर घाट झाडणार कोण, ते पंचांग न बघताही सांगता येतं. गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. तरी माणसं उतरतात, मरतात. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या म्हटलं, २०२३ साली ते ३० लाख केले. मेल्यावरचा दर ठरला, बरं झालं. तो मरूच नये म्हणून मशीनला, मास्कला, कायम नोकरीला किती तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून मला कुणीतरी दाखवा. ठेक्यावरच्या झाडूवाल्याचा पगार ठेकेदाराच्या खिशातनं गळत गळत त्याच्यापर्यंत किती पोचतो तेही दाखवा. आपल्या वस्त्यांतला निम्मा माणूस महापालिकेच्या बजेटात दोनदा येतो. एकदा 'लाभार्थी' म्हणून, एकदा स्वस्त मजूर म्हणून. हिशोब विचारणारा म्हणून एकदाही येत नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. आपल्या पोरांना बाबासाहेबांचं महाड पाठ आहे. चवदार तळं, २० मार्च १९२७. पण त्या आधीचा महिना कुणाला माहीत आहे? बाबासाहेब तेव्हा मुंबईच्या कायदेमंडळात नेमलेले सभासद होते. २४ फेब्रुवारी १९२७ ला त्यांनी तिथं भाषण केलं ते बजेटवर. इन्कमटॅक्सवाल्याची कमाई झाली नाही तर त्याला कर नाही, आणि गरीब शेतकऱ्याला मात्र पिको न पिको सारा भरावाच लागतो, हा कुठला न्याय, असा त्यातला एक मुद्दा होता. म्हंजे साबणाच्या वडीवरचा आपला मुद्दा त्यांनी शंभर वर्षांपूर्वी साऱ्यावरून मांडलाय. रुपयाच्या प्रश्नावर ज्यानं १९२३ साली ग्रंथ लिहिला तो माणूस आकड्यांना घाबरणारा नव्हता. फेब्रुवारीत बजेट वाचलं, मार्चमध्ये तळ्यावर गेले. एकाच माणसाची एकाच लढाईतली ही दोन कामं. आपण मार्च घेतला आणि फेब्रुवारी सोडून दिला.

आणि चवदार तळं होतं कुणाचं? महाड नगरपालिकेचं. १९२३ साली सीताराम केशव बोल्यांनी कायदेमंडळात ठराव पास करून घेतला की सरकारी पैशातनं चालणारे पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेनं तळं खुलं केल्याचा ठराव केला. ठराव झाला, टाळ्याही झाल्या असतील. तीन वर्षं एकाही अस्पृश्याच्या ओंजळीत त्यातलं पाणी आलं नाही. लोक पायी जाऊन प्यायले तेव्हा कुठं ठराव जागा झाला. आणि जागा झाल्याबरोबर, ऑगस्ट १९२७ मध्ये, नगरपालिकेनं तो मागेच घेतला! शेवटी हायकोर्टाचा निकाल लागला १९३७ साली. १९२४ ते १९३७. तेरा वर्षं एका ठरावाची. म्हणून म्हणतो, तरतूद वाचून नाचू नका. ठराव आणि ओंजळ यांच्यामधलं अंतर चालायला माणसं लागतात.

माणसं कुठायत? माणसं जयंतीच्या मीटिंगला आहेत. रागावू नका, पण हे बोललंच पाहिजे. एप्रिल जवळ आला की मंडळाची पोरं पावतीबुक घेऊन त्याच नगरसेवकाच्या दारात उभी. डीजेचे पैसे तो देतो, टी-शर्ट तो देतो, बॅनरवर त्याचा फोटो बाबासाहेबांच्या फोटोएवढा. एकदा त्याच्या पैशाचा डीजे वाजला की वर्षभर आपलं तोंड वाजत नाही. किती स्वस्तात पटवतो तो आपल्याला! वस्तीच्या ड्रेनेजला लागणारा पैसा बघा आणि डीजेचं भाडं बघा. हा धंदा त्याला परवडतो, आपल्याला परवडत नाही. जयंती घरटी वर्गणीतनं करा, लहान करा, ढोलकीवर करा. पण ज्याच्याकडून हिशोब घ्यायचा त्याच्याकडून पावती फाडू नका.

आणि आपण लिहिणारे? आपण 'व्यवस्था' 'व्यवस्था' म्हणून पानं भरतो. व्यवस्थेला पत्ता असतो. नाशिकरोडला महापालिकेचं विभागीय कार्यालय आहे, त्यात टेबलं आहेत, टेबलांवर फाइली आहेत, फाइलींवर तारखा आहेत. आपली कविता त्या टेबलापर्यंत गेलीच नाही तर ती कुणाच्या झोपेत खडा टाकणार?

कायदा आपल्या बाजूला अगदीच नाही असं नाही. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं १९९३ पासून मोठ्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. २००९ साली राज्याच्या महापालिका कायद्यात दुरुस्ती करून क्षेत्रसभा घातली. मतदारांची सभा, अध्यक्ष नगरसेवक. तिथं लोकांनी कामं सुचवायची, क्रम लावायचा. ही उदारता उगाच नव्हती. केंद्राच्या नेहरू शहर योजनेचा पैसा हवा असेल तर लोकांच्या सहभागाचा कायदा करा अशी अट होती, आणि नाशिक त्या योजनेतलं शहर होतं. पैसा आला, रस्ते झाले. तुमच्या वस्तीत क्षेत्रसभा कितीदा झाली, हात वर करा.

परदेशात हे झालेलं आहे. ब्राझीलमध्ये पोर्तो अलेग्रे नावाचं शहर आहे. १९८९ पासून तिथं वस्त्यावस्त्यांतले लोक सभा भरवून ठरवायला लागले की महापालिकेच्या पैशातनं आधी काय करायचं. गरीब वस्तीच्या मागणीला वजन जास्त. फरशी आधी आली नाही, पाणी आणि गटार आधी आलं. पुढं सरकारं बदलली तसं तेही मंदावलं, कारण लोकांनी हिशोब मागितलेला कुठल्याच देशात सत्तेला आवडत नाही. पुण्यातही २००६ पासून नागरिकांकडून बजेटसाठी कामं मागवायची पद्धत सुरू झाली. पण तिथं अर्ज भरतो कोण? ज्याच्याकडं टेबल-खुर्ची आहे तो. त्याला फुटपाथ हवा असतो, बाक हवा असतो. म्हणून पद्धत असून भागत नाही. आपण तिथं जाऊन बसलो तरच ती आपली.

तेव्हा कामाचं बोलू. प्रत्येक वस्तीत पाच पोरं-पोरी घ्या. पोरी घ्याच, कारण पाण्याचा हिशोब त्यांच्या कमरेला पाठ आहे. एक वही करा. वस्तीच्या नावानं बजेटात आलेलं प्रत्येक काम एका पानावर. कधी आलं, किती तरतूद, कार्यादेश कधी, खर्च किती, आज काय स्थिती. माहिती मिळत नाही? २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्याला तोही नाही. अर्ज दीडशे शब्दांत, एका अर्जात एकच विषय. तीस दिवसांत उत्तर आलं पाहिजे. नाही आलं तर अपील. आपल्यातल्या कुठल्याही कवीला दीडशे शब्द जड नाहीत.

मग नगरसेवकाला लेखी पत्र द्या, क्षेत्रसभा घ्या म्हणून. पत्राची पोच घ्या, शिक्का मारून. सभा समाजमंदिरात, नारळाशिवाय. शाल नाही, हार नाही, वडापाव नाही. आधी तुमची वही वाचायची आणि भाषण त्याला मागून करू द्यायचं. प्रत्येक कामापुढं एक शेवटचा रकाना ठेवा, 'उशीर'. इतके महिने, इतके दिवस. हा आकडा मोठ्यानं वाचा. त्यावर पैसे मिळणार नाहीत, मला माहीत आहे. पण दर सभेला तो वाढत गेलेला चारशे माणसांनी ऐकला तर पुढच्या खेपेला माइकवरून 'आणणार' म्हणताना त्याची जीभ अडखळेल. तेवढ्यानं नळाला पाणी येत नाही, पण फाइल टेबलावरनं हलायला लागते.

मालधक्क्यावर १९६९ च्या माथाडी कायद्याआधी हमालाचा कुठं हिशोब नव्हता. मुकादम देईल ती हमाली, सांगेल ते तास. अण्णासाहेब पाटलांमागं हमाल उभा राहिला तेव्हा त्याच्या नावाची नोंद झाली, त्याची मजुरी बोर्डात जमा व्हायला लागली, पीएफ आला. कुणी 'निधी आणला' नव्हता. घामाचा होता तो कागदावर घेतला एवढंच. ठेकेदार आजही तो कायदा चुकवायला बघतात, आणि आम्ही आजही रोज टॅली धरतो. मोजायचं थांबलं की लुटायला सुरुवात होते, हे धक्क्यावर पहिल्या आठवड्यात कळतं.

महिनाअखेरपर्यंत प्रत्येक वस्तीतनं एक अर्ज गेला पाहिजे. पोच घ्या. तारीख टाका. तीस दिवसांचं घड्याळ आता त्यांच्या टेबलावर लागू द्या.